उपविजेत्या बाई

मी बास्केटबॉल शिकवते. आधी कशेळ्याच्या शाळेत शिकवला, मग साजगावच्या एका कारखान्यात, आणि आता लीगमध्ये शिकवते, जिथं खेळाडूंना पगार असतो आणि केळी हवी तेवढी असतात. सगळी मिळून पस्तीसेक वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे पहिला नंबर. दुसऱ्या नंबराचे कप आमच्या भिसेगावच्या घरात इतके साठले होते की एकात चमचे, एकात सुतळ्या, एकात यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या अशी सोय झाली होती. पाहुणे आले की कौतुकानं वाकून वाचायचे, ‘उपविजेता’ शब्द दिसला की हळूच कप खाली ठेवायचे आणि हवापाण्याबद्दल बोलायला लागायचे. कर्जतच्या बाजारात भाजीवाल्या मावशी मला ‘उपविजेत्या बाई’ म्हणत. प्रेमानंच म्हणत, पण मी त्यांच्याकडून कोथिंबीर घेणं बंद केलं होतं.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. आवाजही रागाला शोभेल असा आहे. कशेळ्याच्या मैदानातून मी पोरींवर ओरडले की मुरबाड रस्त्यावरून जाणाऱ्या जीपा थांबायच्या. कुणीतरी पॅसेंजर हाक मारतोय असं त्यांना वाटायचं. एका जीपवाल्यानं तर मुख्याध्यापकांकडे तक्रार केली होती, की बाईंमुळे माझं डिझेल फुकट जातं.

मी पी.टी.ची शिक्षिका म्हणून लागले तेव्हा मला बास्केटबॉलमधलं काहीही येत नव्हतं. लंगडी, खो-खो, कवायत एवढ्यावर नोकरी चालली होती. दुसऱ्या वर्षी मुंबईत नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला भेट म्हणून लोखंडाच्या दोन रिंगा, दोन चेंडू आणि नियमांचं एक पुस्तक पाठवलं. आमचे मुख्याध्यापक सज्जन माणूस, पण वस्तू रिकामी पडलेली त्यांना बघवत नसे. एक रिंग मैदानात लावा म्हणाले. दुसरी त्यांनी ऑफिसबाहेरच्या भिंतीत ठोकली आणि तिच्यात मनीप्लांटची कुंडी बसवली. कुंडी अगदी मापात बसली, त्यामुळे ती रिंग परत मागायची माझी हिंमत झाली नाही.

मैदानातल्या रिंगेचं काम गावातल्या गवंड्याला दिलं. पुस्तकात जमिनीपासून दहा फूट लिहिलं होतं. मी त्याला दहा फूट सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि शेवटची जीप चुकू नये म्हणून निघून गेले. सोमवारी येऊन बघते तर खांब उभा, फळा उभा, रिंग टांगलेली, आणि खांबाला हळदकुंकू. मी खूश झाले. वर बघितलं, उंच वाटली. पण मी स्वतः पाच फूट, मला सगळंच उंच वाटतं.

पोरी आसपासच्या गावांतल्या, शेतकऱ्यांच्या. पुस्तकात बचाव कसा करायचा त्याचं चित्र होतं. गुडघे वाकवून, कंबर खाली घालून, हात पसरून समोरच्याच्या वाटेत उभं राहायचं. मी तशी उभी राहून दाखवलं तर पोरी तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. एक म्हणाली, “बाई, ही तर आवणी हाय.” आवणी म्हणजे भाताची लावणी. मी भिसेगावची, माझे वडील वकील. भात मी ताटात आल्यावरच बघितलेला. त्याच वेळी एका पोरीची आई डोक्यावर बोचकं घेऊन जीपच्या थांब्याकडं चालली होती. ती थांबली, माझं वाकणं बघितलं आणि बोचकं खाली ठेवून मैदानात आली.

“कंबर मोडंल तुमची,” ती म्हणाली. “पाटीत नाय वाकायचं, गुडघ्यात वाका. आन मागं सरकत जावा, म्होरं नाय.”

“मागं काय आहे ते दिसणार कसं?” मी विचारलं.

“मागं बघायचंच नाय. मागं चिखलच हाय,” ती म्हणाली, आणि बोचकं उचलून गेली.

त्या दिवसापासून आमच्या बचावाचं नाव आवणी पडलं. मैदानातल्या पाचही पोरी ओळीनं वाकून, नजर समोर ठेवून मागं मागं सरकायच्या, आणि त्यांना ओलांडून जाणं कुणाला जमायचं नाही. तालुक्यातल्या मोठ्या शाळांच्या पोरी पांढरेशुभ्र बूट घालून यायच्या आणि आमच्या अनवाणी भिंतीवर आपटून परत जायच्या. त्यामुळे आम्ही दरवर्षी फायनलला पोचायचो. आणि दरवर्षी हरायचो, कारण समोरच्यांना आम्ही बास्केट करू देत नसलो तरी आमचाही होत नसे. आमच्या पोरींनी टाकलेला चेंडू रिंगेच्या वरून, कधी कधी फळ्याच्याही वरून जायचा. एकदा तो प्रमुख पाहुण्यांच्या टेबलावरच्या हारांत जाऊन बसला. पाहुण्यांनी तो हसून परत केला.

“नेम कुठं गेला, नेम?” मी ओरडायचे. सहा वर्षं ओरडले. शेवटी पोरींची नजर स्थिर व्हावी म्हणून मी पी.टी.च्या तासाला त्यांना सुईत दोरा ओवायला बसवलं. तीस पोरी मैदानात मांडी घालून सुया ओवतायत आणि मी शिट्टी घेऊन मधून फिरतेय. नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आले. मुख्याध्यापकांनी त्यांना हा शिवणाचा तास आहे म्हणून सांगितलं, आणि साहेबांनी शेऱ्यात शिवणाच्या शिक्षिकेचा आवाज कमी असावा असं लिहिलं.

सातव्या वर्षी तालुक्याची फायनल आमच्याच मैदानावर आली. आता दुसरी रिंग लागणार, म्हणून मुख्याध्यापकांनी जड मनानं मनीप्लांट खाली उतरवला आणि त्याच गवंड्यानं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला रिंगेसकट दुसरा खांबही उभा करून दिला. आणि त्या दिवशी चमत्कार झाला. आमच्या पोरींचा चेंडू टाकला की आत. समोरच्या पोरींचा मात्र रिंगेच्या खालच्या खाली विरून जायचा. त्यांच्या काहीजणी तर रडायला लागल्या. आम्ही इतक्या फरकानं जिंकलो की गुण लिहिणाऱ्या सरांनी मध्येच पेन्सिलीला टोक काढलं. मी पहिला नंबर हातात धरला, पोरींनी मला उचलायचा प्रयत्न केला, मुख्याध्यापकांनी पेढे आणायला माणूस पिटाळला. पेढे यायच्या आत समोरच्या शाळेचे सर खिशातून टेप काढून खांबापाशी गेलेले होते.

अकरा फूट भरले. दुसरा खांब मापला, तोही अकरा. मॅच रद्द झाली, कप माझ्या हातातून काढून घेतला, आणि पेढे मात्र आले, ते समोरच्या पोरींनीही खाल्ले. आठ दिवसांनी त्यांच्या मैदानावर पुन्हा खेळवली. तिथं रिंग दहा फुटांवर होती, आमचे चेंडू वरून गेले, आणि आम्ही उपविजेते झालो.

मी तडक गवंड्याच्या घरी गेले. तो अंगणात चहा पीत बसला होता. मी उभ्या उभ्या त्याला जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बशी खाली ठेवली.

“बाई, तुमी दाहाच बोलला व्हता, मला ठावं हाय,” तो म्हणाला. “पन शालेचं काम, लेकींचं काम. दाहा कोन देतं? आपल्यात अकरा देत्यात. आहेर घ्या, देवाची पायरी घ्या, काय बी घ्या. वरचा एक फूट माज्याकडनं व्हता.”

“तुमच्याकडनं म्हणजे?”

“आशीर्वाद,” तो म्हणाला, आणि त्याला इतकं वाईट वाटलेलं दिसत होतं की मला अजूनच चीड आली. मग तो म्हणाला, “पन सा वर्सं पोरींवर वरडत व्हता, तवा एक डाव टेप लावून नाय का बघायचा?”

त्यावर मी आणखी दहा मिनिटं ओरडले. मग त्याच्या बायकोनं मलाही चहा दिला आणि तो पिऊन मी घरी आले.

रिंगा एक फूट खाली घेतल्या. पोरींचे चेंडू आत पडायला लागले. आता कोण अडवतंय, असं मला वाटलं. तरी पुढच्या सगळ्या फायनली आम्ही हरलो, आणि त्याही शेवटच्या दोन तीन मिनिटांत. तोपर्यंत पुढं असायचो, मग पोरींना काय व्हायचं कुणास ठाऊक, हातातले चेंडू निसटायचे, एकमेकींवर आपटायच्या. कधी रेफरी वाईट होता, कधी वारा होता, कधी ऊन डोळ्यांवर होतं. घरी येऊन मी हे सगळं यजमानांना सविस्तर सांगायचे. यजमान बँकेत होते, शांत माणूस. एकदा ते म्हणाले, “ऊन दरवेळी तुझ्याच पोरींच्या डोळ्यांवर कसं गं येतं?” मी त्यांना खेळातलं काही कळत नाही असं सांगितलं आणि ते पेपर वाचायला लागले.

साजगावच्या कारखान्याचं काम मी शाळा सांभाळून घेतलं. तिथल्या पर्सोनेलच्या साहेबांना कंपन्या कंपन्यांच्या स्पर्धेत बायकांची टीम उतरवायची होती, आणि कुणीतरी माझं नाव सांगितलं. शाळा सुटली की मी स्कूटर काढून खोपोलीच्या रस्त्याला लागायचे. पॅकिंग खात्यातल्या बायका पहिली पाळी संपवून, ट्रक उभे राहतात त्या आवारात माझी वाट बघत असायच्या. दिवसभर खोकी उचलून त्यांचे हात असे तयार झाले होते की त्यांनी फेकलेला चेंडू सरळ रेषेत येऊन छातीत बसायचा. आवणी तर त्यांना शिकवावी लागलीच नाही, निम्म्याजणी सुट्टी काढून ती करायलाच जायच्या. आम्ही लगेच फायनलला पोचलो.

ती फायनल मी विसरणार नाही. आम्ही एका गुणानं पुढं होतो. शेवटची काही सेकंद राहिली होती आणि चेंडू आमच्या सगळ्यात भरवशाच्या बाईच्या हातात होता. तिनं काही करायचं नव्हतं, नुसता तो पोटाशी धरून उभं राहायचं होतं. तेवढ्यात मला तिच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली. आता ही पाय अडकून पडणार, या काळजीनं मी जीव तोडून ओरडले, “नाडी!” तिनं खाली बघितलं. समोरच्या पोरीनं तिच्या हातातून चेंडू लोण्यातला केस काढावा तसा अलगद काढून घेतला आणि जाऊन रिंगेत टाकला. येताना बसमध्ये मी त्या बाईला नाडी कशी बांधावी यावर खोपोलीच्या फाट्यापर्यंत सुनावलं. ती मान खाली घालून ऐकत होती. पुढच्या वर्षी सगळ्यांना बिननाडीचे, चिकटपट्टीचे बूट घ्यायला लावले. आपण हरलो ते नाडीमुळे, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं.

मी शाळेतून निवृत्त झाले आणि आता कप मोजत बसायचं, असं ठरवलं होतं. तेवढ्यात एक फोन आला. बायकांची नवी लीग सुरू झाली होती, तिच्यातल्या एका टीमच्या मॅनेजरनं आमच्या कारखान्याच्या पोरींचा बचाव कधीतरी बघितला होता. त्यांचा मुख्य कोच परदेशी होता, त्याच्या हाताखाली बचाव शिकवायला मी येईन का, असं विचारत होते. मी यजमानांकडं बघितलं. “जा,” ते म्हणाले, “मी दुपारी झोपेन तरी.”

परदेशी कोच फार चांगला माणूस होता. खुर्चीवर बसून एक हात हलवायचा आणि पोरींना कळायचं. मी त्याला मनातल्या मनात आळशी म्हणायचे. पण त्याची आई आजारी पडली आणि तो स्पर्धा अर्धी झालेली असतानाच मायदेशी गेला. मालकांनी मला बोलावून घेतलं. उरलेली स्पर्धा तुम्ही सांभाळा, म्हणाले. फायनल जिंकलात तर पुढच्या वर्षी मुख्य कोच तुम्हीच, नाही तर नवा आणू. फायनल जिंकलात तर, हे शब्द ऐकून मला घरातला चमच्यांचा कप आठवला. मी ठीक आहे म्हणाले.

टीम देशभरातली. कप्तान केरळची, चणीनं बारकी, तिला मराठी येत नव्हतं, पण दोन महिन्यांत माझ्याकडून जे मराठी ती शिकली त्यातले निम्मे शब्द मी तिला परत विसरायला लावले. मधली उंच पोरगी छत्तीसगडची, सहा फूट दोन इंच, खेळायला वाघीण, पण रडायला सदा तयार. जिंकली की रडायची, हरली की रडायची, आमटी आवडली तरी रडायची. मी एसी हॉलमध्ये गुळगुळीत लाकडी फरशीवर या सगळ्यांना ओळीनं उभं करून आवणी शिकवायला घेतली. छत्तीसगडवालीनं पहिल्याच दिवशी अचूक वाकून दाखवलं. तिच्या घरीही भातच पिकतो, तिनं लहानपणापासून हेच केलेलं. मग तिनं बाकीच्यांना शिकवलं आणि तेवढ्यात तिला घरची आठवण येऊन रडू आलं.

आम्ही फायनलला पोचलो. त्यात नवल नव्हतं, फायनलला मी आयुष्यभर पोचतच आले.

शेवटच्या डावात आम्ही चार गुणांनी मागं होतो. मला तोवर एक ताकीद मिळालेली होती, कारण वेळ लावणाऱ्या टेबलावर जाऊन मी त्यांच्या घड्याळात नवे सेल घाला असं म्हटलं होतं. आणखी एक मिळाली की कोचला बाहेर काढतात, हे मला माहीत होतं. पण तीन मिनिटं उरली आणि माझ्या पोरी ताठ उभ्या राहायला लागल्या. दमल्या होत्या. कुणी वाकत नव्हतं. मी बाजूला उभी राहून ओरडत होते, “वाका, अगं वाका, गुडघ्यात,” आणि त्या माझ्याकडं नुसत्या बघत होत्या. मग मला राहवलं नाही. मी पदर खोचला, गुडघ्यात वाकले, हात पसरले आणि अशा, अशा, म्हणत मागं मागं सरकायला लागले. आवणीत मागं बघायचं नसतं. मी रेषा ओलांडून कधी मैदानात शिरले मला कळलं नाही. मागून धावत येणारा रेफरी माझ्यावर आदळला आणि खाली बसला. शिट्टी त्याच्या तोंडातच होती, ती पडताना आपोआप वाजली, आणि सगळा खेळ थांबला. शांततेत मी अजून वाकलेलीच होते.

मला बाहेर काढलं. बाहेर म्हणजे हॉलच्या मागच्या बोळात, जिथं पाण्याचे मोठे कॅन आणि एक स्ट्रेचर ठेवलं होतं. दार लागलं. दारापाशी खुर्चीवर एक रखवालदार बसला होता, आणि त्याच्या बोलण्यावरून मला लगेच कळलं की हा आपल्या खालापूरकडचा. मी विचारलं तर म्हणाला, साजगावच्या पलीकडंच घर हाय. दाराला वितभर काच होती, पण ती माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. मी त्याला उठवलं आणि काचेतून बघून सांगायला लावलं.

“काय चाललंय?”

“पोरी पळतात.”

“कुठं पळतात?”

“तकडं. आता हकडं आल्या.”

“गुण किती झाले? बोर्डावर आकडे असतील.”

“हायत. लाल हायत.”

“आपले कोणते?”

“ते तुमी सांगा, म्याडम. मला कबड्डी ठावं हाय, ह्यातलं काय नाय.”

मी कॅनवर चढून बघायचा प्रयत्न केला, तर कॅन हलला आणि त्यानं मला धरून खाली उतरवलं. मी खूप वैतागले होते. तेवढ्यात तो म्हणाला, “एक नवल हाय.”

“काय?”

“तुमच्या पोरी गप हायत. ती येक बारकी हाय ना, ती नुसता हात वर करते, बाकीच्या बघतात आन जागा बदलतात. वाकून खेलतात. मगा कशा बावरल्यावानी करत व्हत्या.”

आतून एकदम आरडाओरडा ऐकू आला. रखवालदार टाचा वर करून बघायला लागला.

“संपलं वाटतं. पोरी उड्या मारतात.”

“कुणाच्या?”

“त्ये कळत नाय, लय गर्दी झाली. ती उंच हाय, ती रडते.”

“म्हणजे काय समजायचं मी?” मी म्हटलं. तो माझ्याकडं असा बघायला लागला की त्याला माझी कीव येतेय हे मला कळलं. मी पाण्याच्या कॅनवर बसले. मुख्य कोच, पुढचं वर्ष, सगळं डोक्यातून गेलं होतं. मला फक्त तो एक कप हवा होता, एकदा, आणि मग मी घरी जाऊन कुणावरही ओरडणार नव्हते.

दार उघडलं आणि माझ्या पोरी कप घेऊन बाहेर आल्या. एका गुणानं जिंकलो होतो. बाहेर काढलेल्या कोचला मंचावर बोलावत नाहीत, म्हणून त्याच तो माझ्याकडं घेऊन आल्या होत्या. कप्तानानं तो माझ्या मांडीवर ठेवला. त्यावर ‘विजेता’ लिहिलेलं मी दोनदा वाचलं. मी रडले, उंच पोरगी रडली, रखवालदारही रुमाल शोधायला लागला.

मग मी डोळे पुसून विचारलं, “तीन मिनिटांत असं काय केलंत गं तुम्ही?”

कप्तान माझ्या पायांकडं बघत राहिली. “काही नाही मॅडम,” ती म्हणाली. “ऐकू यायला लागलं.”

“काय ऐकू यायला लागलं?”

“एकमेकींचं.”

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. “आणि मी आत असते तर?”

खोटं बोलायला तिला मी शिकवलं नव्हतं. “हरलो असतो, मॅडम,” ती म्हणाली, आणि सगळ्या पोरी हसल्या. प्रेमानंच हसल्या. मला राग आला, मी ओरडायला तोंड उघडलं. मग सगळ्या फायनली एकदम आठवल्या. वारा आठवला, ऊन आठवलं. बसमध्ये मान खाली घालून बसलेली पॅकिंगमधली ती बाई आठवली. जिंकल्याचा आनंद होत होता आणि लाजही वाटत होती. कप घट्ट धरून मी तशीच बसून राहिले.

रात्री यजमानांचा फोन आला. त्यांनी टीव्हीवर बघितलं होतं. “अभिनंदन,” म्हणाले. “पण शेवटी तू कुठं दिसली नाहीस.”

“मला बाहेर काढलं होतं.”

“तरीच,” ते म्हणाले. तीसेक वर्षं त्यांनी हे मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, तू बोलू दिलंस कधी.

मालकांनी शब्द पाळला, मुख्य कोच मलाच केलं. आता प्रत्येक सामन्यात शेवटची तीन मिनिटं राहिली की मी आपणहून उठते आणि बाहेर जाते. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं माझी तब्येत बिघडली, एकानं लिंबूपाणी आणून दिलं. आता सवय झाली आहे. गावोगावच्या हॉलचे बोळ मला पाठ झालेत आणि सगळ्या रखवालदारांशी ओळख आहे. त्यानंतर आम्ही आणखी एक कप जिंकला. तो कसा जिंकला ते मला पोरींनी हातवारे करून सांगितलं. रेकॉर्डिंग बघा म्हणतात, तेही बघितलं. पण निकाल माहीत असतो, त्याला काही अर्थ नाही.

यंदाच्या फायनलला मी ठरवलं, काही झालं तरी आत बसायचं. एकदा डोळ्यांनी बघायचंच. तोंडावर टॉवेल दाबून धरला आणि खुर्चीवर दोन्ही पाय घेऊन बसले. दोन मिनिटं गेली. अडीच गेली. मी एक शब्द काढला नाही. गुण सारखे झाले होते, आणि काही सेकंद उरलेली असताना आमच्या उंच पोरीला फ्री थ्रोची, म्हणजे कुणी न अडवता चेंडू टाकायची, संधी मिळाली. ती रेषेपाशी गेली, चेंडू दोनदा आपटला, वर बघितलं. आणि मला दिसलं की तिच्या बुटाचं टोक रेषेला लागायला आलंय. रेषेला पाय लागला की गुण जातो. टॉवेल कधी गळून पडला मला कळलं नाही. आवाज घशापर्यंत आला. मी उठले, खुर्ची उलटी झाली, तशीच धावत दार ढकलून बोळात गेले, दार लागू दिलं आणि मग ओरडले, “पाय मागं घे!”

दाराशी बसलेल्या रखवालदारानं दचकून दोन्ही पाय खुर्चीखाली घेतले. आत सगळा हॉल ओरडत होता. ती चेंडू टाकून मोकळी झाली होती, आणि तिचा पाय, नंतर कप्तान म्हणाली, तिनं स्वतःच मागं घेतला होता. तोही कप आमचाच. तोही मी बघितला नाही.